गोधडी कंपनीचं विवरणपत्र

"खोटं बोललीस की तुझ्या गळ्यातली पोत हलते गं," आई म्हणायची. चाळीस वर्षांनी शेवंताला तो आवाज आठवला, कारण समोरचं यंत्र आता तेच हेरत होतं.

गोधड्या शिवणाऱ्या त्या लहानशा कंपनीच्या भागीदार दोघीच, शेवंता आणि तिची थोरली नणंद अनसूया. राज्याच्या कराचं वार्षिक विवरण हल्ली कागदावर भरत नसत. प्रत्येक भागीदाराने यंत्रासमोर आपलं काम तोंडाने सांगायचं. कमीजास्त चाले, खोटं चालत नसे. तीन जबाब फेटाळले गेले की कंपनीच रद्द.

शेवंताचे दोन फेटाळले गेले होते. मुदतीला दहा मिनिटं उरली होती.

"म्हण की नीट!" अनसूया खेकसली. "'मी रोज माझ्या हाताने टाके घालते.' एवढंच तर आहे! भांडताना बरी जीभ चालते तुझी."

"घसा सुकलाय, वन्सं."

"घसा कसला सुकतोय! दुसरीकडे काम धरलंयस ना? मला सोडून चाललीस?"

शेवंताचा हात पोतीकडे गेला. मणी थरथरत होते.

"मला सुई दिसत नाही, वन्सं."

यंत्रावर हिरवा दिवा लागला. तिकडे दोघींनीही पाहिलं नाही.

"दिवाळीपासून माझे टाके घरी लेक घालून देते. इथं मी नुसती सुई धरून तुमच्या शेजारी बसते. तिथून उठवू नका मला."