घर खायला उठतं

"घर खायला उठतं," नवी बाई म्हणाली.

गोल करून बसलेल्या आठही बायकांनी माना डोलावल्या. मॅडमच्या शेजारी बसलेली रेडिओ मात्र पेचात पडली. हे इथल्या भाषेत न्यायचं कसं? घर उठतं काय, खातं काय!

रेडिओ म्हणजे गटाची दुभाषी. परमुलखातून कामाला आलेल्या बायका दर बुधवारी दुपारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमायच्या, मनातलं बोलून हलक्या व्हायच्या. गट चालवणाऱ्या मॅडम इथल्याच. त्यांना बायकांची भाषा येत नव्हती आणि बायकांना त्यांची मोडकीतोडकी कळायची. मध्ये ही. जे स्टेशन लावाल ते वाजतं, म्हणून स्वयंपाकीण काकूंनी तिला रेडिओ हे नाव ठेवलं होतं आणि ते चिकटलं होतं.

कामाचा नियम कडक होता. जी बाई बोलेल तिच्या जागी आपण आहोत असं समजून बोलायचं. त्यामुळे वर्षभरात रेडिओला तीन सासवा झाल्या, दोन दारुडे नवरे झाले आणि एकदा गुडघ्याचं ऑपरेशनही झालं. काकूंनी दहा मिनिटं सासूचा उद्धार केला की ती मॅडमना सांगायची, "माझं सासूशी फारसं पटत नाही." बायका हसून हसून बेजार व्हायच्या. तिने काटछाट केली असेल, पण पदरचं एक अक्षर कधी घातलं नव्हतं.

स्वतःचं तर मुळीच नाही. तिचंही एक दुखणं होतं. चौदा महिने तिने ते कुणापुढे काढलं नव्हतं. "तुझं कसं चाललंय गं?" असं काकूंनी विचारलं की "एकदम मस्त!" म्हणून ती मोकळी व्हायची. आतून तिला धास्ती होती. एकदा तोंड उघडलं तर ते मिटणार नाही, आणि रडक्या दुभाषीला कामावर ठेवणार कोण? हे काम गेलं असतं तर आठवड्यातून एकदा चार माणसांत बसणंही गेलं असतं.

नवी बाई आज पहिल्यांदाच आली होती. हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालायचं तिचं काम. शेजारणीने जवळजवळ ओढूनच आणलं होतं. तासभर ती आपल्या पर्सची चेन उघडझाप करत बसली होती आणि आत्ता कुठे एवढं एकच वाक्य बोलली होती.

"घर खातं?" मॅडमनी भुवया उंचावल्या. "म्हणजे कसं?"

"म्हणजे..." रेडिओने क्षणभर विचार केला. "म्हणजे मी कामावरून येते, दार उघडते आणि आत काहीच हललेलं नसतं. सकाळचा कप तिथेच असतो. कुणी पसारा केलेला नसतो. भूक लागली म्हणून कुणी मागे लागत नाही. रविवारी मी फोन लावते. मुलगी दोन मिनिटं बोलते. जेवलीस का? हो. अभ्यास झाला का? हो. मग तिला खेळायला पळायचं असतं. तिला मी बहिणीकडे ठेवून आलेय. कागदपत्रं झाली की तुला नेते, असं सांगून आलेय. गेल्या रविवारी फोन चालू असताना तिने माझ्या बहिणीला हाक मारली. 'आई, माझी वेणी घाल ना.' मला स्पष्ट ऐकू आलं. मी हसले. बरं झालं, रुळली म्हटलं. फोन ठेवला आणि भांडी घासायला घेतली. सगळी घासून झाली. मग तीच पुन्हा घासली."

तीन शब्दांचं एवढं पुराण आजवर कधी झालं नव्हतं. आणि इथली भाषा कितीही कच्ची असली तरी 'मुलगी' आणि 'आई' हे शब्द सगळ्याजणींना येत होते. काकूंनी चहात बुडवलेलं बिस्कीट विरघळून तळाशी गेलं, तरी त्यांचा हात कपावर तसाच होता.

मॅडम मात्र भराभर लिहीत होत्या. मग पेन थांबवून त्या नव्या बाईकडे वळल्या. "फार सोसलंत तुम्ही," त्या हळुवारपणे म्हणाल्या. "मुलगी केवढी आहे तुमची?"

रेडिओने सवयीने प्रश्न पुढे केला. "मॅडम विचारतायत, तुमची मुलगी केवढी आहे?"

"मुलगी?" नवी बाई गोंधळली. "मला कुठे मुलगी? दोन्ही मुलगेच आहेत, आपापल्या कामाला लागलेले."

आपण काय करून बसलो ते रेडिओला आत्ता कळलं. तिने बायकांकडे पाहिलं. कुणीही तोंड उघडणार नव्हतं. काकू तर छताचं निरीक्षण करत होत्या. कुठलाही एक आकडा ठोकून दिला असता, सहा म्हणा, सोळा म्हणा, तर प्रकरण मिटलं असतं. मॅडमना पत्ता लागला नसता आणि पुढच्या बुधवारी रेडिओ पुन्हा सगळ्यांची स्टेशनं वाजवत बसली असती.

"काय म्हणाल्या त्या?" मॅडमनी विचारलं.

"त्यांना मुलगी नाही, मॅडम," ती म्हणाली. "नऊ वर्षांची आहे. माझी आहे."