उशिरा पोचणारं हसू

शिंपीणबाईंच्या दुकानात दुपारी बायका जमायच्या आणि मंत्रतंत्राचा नाद लागलेल्या एका लेखकाच्या गमतीदार आठवणी मोठ्यानं वाचायच्या.

"अगं, भूत बोलवायला ह्यानं खडूचं रिंगण आखलं, आणि बायकोनं त्यावर ओलं फडकं फिरवलं!" पुस्तक वाचणारी शिंपीणबाईंची धाकटी जाऊ म्हणाली.

"मी असते तर नवऱ्यालाच पुसून काढलं असतं!" पोस्टातली मैत्रीण म्हणाली.

सगळ्या पोट धरधरून हसल्या. हसू ओसरलं, आणि मग इस्त्रीच्या टेबलापाशी कुणीतरी एकटंच हसलं.

शिंपीणबाईंचं मशीन थांबलं. त्यांचे 'हे' अस्सेच हसायचे, सगळ्यांच्या मागून. बायका त्यांना ट्यूबलाइट म्हणायच्या. ते वारले आणि ते मागून येणारं हसू थांबलं.

"जाऊबाई, मागं कोण आहे हो?" जावेनं घाबरून पुस्तक मिटलं.

"कुणी का असेना! मिटू नकोस गं. एकच पान उरलंय, वाच," शिंपीणबाई म्हणाल्या.

जावेनं बिचकत पान उघडलं. शिंपीणबाई इस्त्रीच्या टेबलाकडे कान लावून बसल्या.

जन्मभर उशिरा हसलेला माणूस ह्या खेपेला विनोदाच्या आधीच हसला, तोही शिंपीणबाईंच्या खुर्चीला मागून टेकून.