श्वासाची जागा

लोकगीतं गाणाऱ्या आजींचा आवाज म्हातारपणीच खरा मुरला होता, हे रेकॉर्डिस्टला कळत होतं. तरी निर्मात्याच्या धाकाने त्याने दोन ओळींमधला त्यांचा घरघरता श्वास रेकॉर्डिंगमधून सगळीकडे कापून टाकला.

आज आजी स्टुडिओत बसून तेच ऐकत होत्या.

"आजी, आवाज अगदी विशीतला वाटतोय!" निर्माता खूश झाला.

आजी नुसत्या हसल्या. रेकॉर्डिस्टला त्यांच्याकडे बघायची लाज वाटत होती. चोरून पाहिलं, तेव्हा दिसलं: जिथे त्याने कात्री लावली होती, तिथे आजींची छाती हलतच नव्हती.

शेवटचं कडवं तर त्याने सलग जोडलं होतं. आजींचे ओठ निळे पडू लागले. त्याने घाईने गाणं बंद केलं.

"आजी, श्वास घ्या!"

"कुठे घेऊ रे बाळा?" त्यांनी मायेने विचारलं. "तू जागाच ठेवली नाहीस."