बंद करू का, मामा?

सकाळपासून फोनची टुंगटुंग थांबेना, तेव्हा बाळगोंडानं तो उचलून सुनेच्या पुढ्यात ठेवला. "ब्राह्मी, ह्येचं तोंड बंद कर बाई. परवा चतुर्दशीला माझा कडक उपास हुता, आन् ह्यो दिवसभर इचारत हुता, भूक लागली का म्हणून."

ब्राह्मी हसली. फोन मूळचा तिच्या नवऱ्याचा, श्रेयसचा. शिरवळला कंपनीत लागल्यावर त्यानं नवा घेतला आणि जुना, वडलांचं नंबर भरलेलं सिमकार्ड घालून, त्यांच्या गळ्यात मारला, आतल्या सगळ्या लटांबरासकट. जेवण पोचवणारे, कपडे विकणारे, खेळायला बोलावणारे ॲप. कवठे महांकाळच्या पलीकडं द्राक्षाच्या मळ्यात राहणाऱ्या माणसाला त्यातलं काय डोंबल घ्यायचं होतं?

बाळगोंडाची बायको चंदनबाला शेजारी गवार मोडत बसली होती, पण तिचं चित्त गवारीत नव्हतं. आज क्षमावाणी. पर्युषण पर्वाचे दहा दिवस सरले की या दिवशी जैनाघरी लहानथोर हात जोडून एकमेकांना 'उत्तम क्षमा' म्हणतात आणि वर्षाचं मनातलं धुऊन टाकतात. तिचा नवरा आणि धाकटा दीर भरतेश मात्र विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरनं चार वर्षं बोलत नव्हते. दोघांच्या घरांमध्ये फक्त एक बाग. आज बोलले नाहीत तर पुढं वर्षभर बोलायचे नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

सकाळीच तिनं विषय काढून बघितला होता. "आवं, भाऊजींना एक फोन तरी करा."

"नंबर कवाच काढून टाकलाय म्या," बाळगोंडा म्हणाला होता. "आन् धाकट्यानं यायचं असतंय. मोठ्यानं न्हाई." झालं, तिथंच बोलणं खुंटलं होतं.

ब्राह्मी एकेक काढत होती. "ह्ये जेवणाचं. बंद करू का, मामा?"

"कर."

"ह्ये सेलचं?"

"कर."

"ह्यो खेळ म्हणतोय, तुमच्या सैन्याला तुमची गरज हाय."

"त्येला म्हणावं, आमच्या बागंला मजुरांची गरज हाय. कर बंद."

मग ग्रुप आले. भावकीचा, सोसायटीचा, द्राक्षवाल्यांचा. सगळीकडं जोडलेल्या हातांची तीच ती चित्रं. ज्यांचं वर्षभरात तोंड बघितलं नाही, तेही क्षमा मागत होते. "ह्येंचाबी आवाज घालव," बाळगोंडा वैतागून म्हणाला. "दारात माणूस येत न्हाई, नुसतं फोटू येत्यात."

"आन् ह्यो 'धाकटा' कोण हाय?" ब्राह्मीनं विचारलं. तिला या घरात येऊन वर्षच झालेलं, तिला बिचारीला काय माहीत. "ह्येचाबी सकाळी फोटू आलाय. बंद करू का, मामा?"

चंदनबालाच्या हातातली शेंग हातातच राहिली. बाळगोंडा कर म्हणाला नाही आणि नगं असंही म्हणाला नाही. टोपी काढून डोकं खाजवायला लागला.

"नंबर काढून टाकलावता न्हवं?" चंदनबाला म्हणाली. चार वर्षं खोटं बोलला म्हणून खरं तर तिला राग यायला पाहिजे होता. पण तिला गोडच वाटलं.

"ऱ्हायला आसंल," तो पुटपुटला. मग एकदम उसळला, "आन् त्येनं काय मला एकट्याला धाडलंय? गावभर वाटलंय, त्यात मलाबी एक. आसली क्षमा नगं मला. कर बंद."

ब्राह्मीनं बोट मागं घेतलं. "मामा, ह्येच्यावर भोंग्याचं चित्र हाय. म्हंजे यादी करून सगळ्यांना एकदम धाडलंय, ते खरं. पण यादीत एकेक नाव हुडकून, त्येच्यावर बोट ठेवून घालावं लागतंय. आपसूक कोण शिरत न्हाई."

बाळगोंडा हातातली टोपी फिरवू लागला.

"आन् असलं धाडल्यालं सगळ्यांना पोचत न्हाई. ज्येच्या फोनात धाडणाऱ्याचा नंबर हाय, त्येलाच पोचतंय." ती जरा घुटमळली. "पोचलं की त्येंच्याकडं दोन टिका दिसत्यात. म्हंजे त्यास्नीबी कळलं आसंल."

"काय कळलं?"

"तुमी नंबर ठिवलाय त्ये."

बाळगोंडाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. चार वर्षं सांभाळलेला ताठा, आणि दोन टिकांनी तो पार उघडा पडला होता. "धाकट्यानं यायचं असतंय," तो पुन्हा म्हणाला, पण आता आवाजात दम नव्हता.

"आवं, त्येंनी बोट उचललं," चंदनबाला हळूच म्हणाली. "आता तुमी पाय उचला."

तो गुडघ्यावर हात टेकून उठला. मग टोपी झटकून डोक्यावर ठेवली. "हिरीवरची मोटार बघून येतो," म्हणाला आणि निघाला. विहीर होती उजवीकडं. हा डावीकडं वळून बागेत शिरला. दोघी सासूसुनांनी उरलेली गवार पटापट मोडली.

या घरात दिवस बुडायच्या आत जेवणं उरकतात, बुडाल्यावर कुणी घास तोंडात घालत नाही. स्वयंपाक कधीच झाला होता. ऊन पिवळं पडलं, बागेच्या शेंड्यांवर गेलं, तरी बाळगोंडाचा पत्ता नाही. फोन तर गप्पच होता. चंदनबाला जिवाचा कान करून उंबऱ्यात बसली.

आणि मग बागेपलीकडनं आवाज आला. "आरं, आत्ताच छाटणी घेतलीस व्हय? पाऊस तरी उघडलाय का आजून?"

"आण्णा, माझी बाग हाय. मला कळतंय."

"काय कळतंय तुला?"

आवाज चढत चालले. ब्राह्मी धावत दारात आली. "आत्ती, भांडाण लागलं जणू. मामांना बोलवून आणू का? दिवस बुडाया आलाय, जेवान ऱ्हाईल त्येंचं."

चंदनबालानं पदरानं डोळे पुसले आणि सुनेचा हात धरून तिला खाली बसवलं.

"ऱ्हाऊ दे आजचं जेवान," ती म्हणाली. "चार वरसाचं भांडाण ऱ्हायलंय त्येंचं. त्ये आदी हू दे."