बाविसावी चौकट

"हा न्हाय," तुळजा म्हणाली.

केसरीनाथने तिच्या हातातला कागद घेतला आणि बाकावर पालथा ठेवला. हा चौथा. पडघ्याच्या हायवेवर तीस वर्षं त्याने ट्रक रंगवले होते. कमळं, गरुड, मालकाच्या पोरांची नावं. काम बघून नकाराची मान हलवणारं माणूस त्याला आजवर भेटलं नव्हतं.

"काय चुकलं, ताई?"

"डोळे. हे दुसऱ्याच कुनाचे हायेत."

भिवंडीत लूमचा एक कारखाना बंद पडला होता. त्याच जागेत तालुक्याचं युद्धसंग्रहालय उभं राहत होतं. लढाईत पडलेल्या बावीस जवानांच्या बावीस चौकटी भिंतीवर लागल्या होत्या. एकवीस भरल्या. बाविसावीखाली नुसतीच पाटी होती: शिपाई बारकू भोईर, दिघाशी, १९६५. त्याच्या घरी कधी कुणी फोटो काढला नव्हता. लष्करी कचेरीचंही उत्तर आलं होतं, फाइलमध्ये छायाचित्र नाही.

संग्रहालय भाविका मॅडमच्या ताब्यात होतं. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मनाने काढलेला चेहरा मी लावणार नाही. शाळेतली मुलं इथे हात जोडणार आहेत. घरच्या माणसाने ओळखला तर ठीक, नाहीतर चौकट रिकामी राहील." मग तुळजाकडे वळून विचारलं होतं, "तुम्ही त्यांच्या कोण?"

"लेक."

"मग तुम्ही ओळखाल."

"वळखीन."

"गावात त्यांच्या वेळचं आणखी कुणी?"

"दोघं-तिघं हायेत. खाटेवरनं उठत न्हाईत, पन आठवतं सगळं."

त्यावर कुणी जास्त काही विचारलं नाही. तुळजाचे केस कानापाशी पांढरे झाले होते, हात गोडाउनमध्ये खोकी बांधून खरखरीत झाले होते. बोलणं मोजकं. शुक्रवारी सुट्टी असायची. त्या दिवशी ती केसरीनाथच्या कामाच्या खोलीत येऊन बाकावर बसायची आणि केसरीनाथ विचारेल त्याचं उत्तर द्यायची.

"नाक?"

"सरळ. टोकाला जरा बसकं."

"हसायचे कसे?"

"डावा गाल आधी हलायचा. मंग उजवा."

"कान?"

ती थांबली. "कानाचं पुढल्या शुक्रवारी सांगते."

आठवायला वेळ लागत असेल, चाळीस वर्षं झाली, असं मनाशी म्हणून केसरीनाथ पेन्सिल खाली ठेवायचा. पुढच्या शुक्रवारी ती यायची तेव्हा पाय गावातल्या वाटांच्या धुळीने घोट्यापर्यंत माखलेले असायचे आणि कान पक्का असायचा. "वरनं रुंद. पाळी चिकटलेली."

पाचव्या कागदाच्या वेळी त्याला शंका आली. बाई उगाच मान हलवते की काय? तिने डाव्या भुवईवर सांगितलेला वण त्याने मुद्दाम उजव्या अंगाला काढला. तुळजाने कागद धरला न धरला तोच म्हणाली, "वण डावीकडं. विळा लागलेला. मी सांगितलं व्हतं तुमाला."

केसरीनाथ मनातून वरमला. त्या दिवसापासून त्याने ट्रकची कामं घेणं बंद केलं. बायको ओरडली. तो म्हणाला, "एवढा एक माणूस उभा करू दे मला."

सव्वीस जानेवारीला उद्‌घाटन होतं. भाविका मॅडम दोनदा येऊन गेल्या. "केसरीनाथकाका, नाही जमलं तर तसं सांगा. रिकामी ठेवू. त्यात कमीपणा नाही."

"कमीपणा आहे," केसरीनाथ म्हणाला. "एकवीस जण बघत असताना एकट्यानेच पाठ करून उभं राहायचं?"

डोळे काही साधत नव्हते. तुळजाला डोळ्यांबद्दल विचारलं की ती नुसती खिडकीबाहेर बघायची. एकदा ती अशीच बघत असताना केसरीनाथने पेन्सिल उचलली. बापाचं काहीतरी लेकीत उतरतंच. त्याने तिला न सांगता तिचेच डोळे कागदावर घेतले, थोडे लांबट, एकमेकांपासून लांब. भुवया दाट केल्या, वण डावीकडे, डाव्या गालात हसू सुरू होतंय एवढंच.

सहावा कागद तिने दोन्ही हातांनी धरला. मग डोक्यावरून पदर घेतला.

"आता बघतोय माझ्याकडं," ती म्हणाली.

त्या शुक्रवारी भाविका मॅडमही आल्या होत्या, शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "ओळखलंत?"

"वळखलं."

त्यांनी रजिस्टर पुढे केलं. तुळजाने सावकाश, एकेक अक्षर लावत सही केली.

सव्वीस तारखेला दालन माणसांनी भरून गेलं. एकेक नाव घेतलं गेलं, एकेका चौकटीपुढे मुलं उभी राहिली. बाविसाव्या नावाला शाळेची एक मुलगी बाजूच्या मैत्रिणीला म्हणाली, "हे बघ, हे हसतायत." केसरीनाथने ते ऐकलं. ट्रकवर काढलेलं काहीही वर्ष-दोन वर्षांत उन्हाने उडून जायचं. हे उडणार नव्हतं.

कार्यक्रम आटोपल्यावर तो तुळजाला सोडायला स्टँडपर्यंत गेला. अंबाडीकडे जाणारी एसटी लागलेली होती. तिच्या हातात समारंभाचा नारळ होता. तिचा चेहरा एवढा निवांत त्याने कधी पाहिला नव्हता.

"ताई, एक सांगू? लोक काल भेटलेल्या माणसाचं नाक सांगू शकत नाहीत. तुम्ही वणसुद्धा विसरला नाहीत. केवढ्या होतात हो, ते लढाईवर गेले तेव्हा?"

तुळजाने पायरीवर पाय ठेवला, दांडा धरला आणि मागे वळून म्हणाली, "आयच्या पोटात."