नव्या कार्डातलं पाणी

नागपूरहून आणलेलं ग्राफिक्स कार्ड आठवीतल्या पायलनं स्वतःच्या हातानं कम्प्युटरमध्ये बसवलं. मी, तिचा गुरुजी, फक्त शेजारी बसून होतो.

“बिगडलं तर कम्प्युटरच इकून टाकीन,” दारातून तिचा बाप मनसाराम म्हणाला. मासोळ्या धरायला जायचं सोडून तो सकाळपासून तिथंच उभा होता.

पंखा फिरला, स्क्रीन उजळला. पायलनं गेम सुरू करून आपला शिपाई तळ्याच्या काठी नेऊन उभा केला. आधी ते पाणी नुसतं निळं दिसायचं. आता त्यात झाडांचं प्रतिबिंब उतरलं, ढगांचं उतरलं, शिपायाचंही उतरलं.

“पाहा ना, गुरुजी!”

माझा ऊर अभिमानानं भरून आला. मनसारामही हसला. “माह्या पोरीनं केलं हे!”

सवयीनं मी विचारलं, “सांग बरं, पाण्यात प्रतिबिंब उलटं का दिसतं?”

पायल कीबोर्ड सोडून दोन्ही हात मांडीवर ठेवून विचार करू लागली. काठावरचा शिपाई हात खाली सोडून स्तब्ध उभा होता.

पाण्यातल्या शिपायानं हात वर केला.

पायल उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच मनसाराम कुजबुजला, “थांब पोरी. पाण्यातल्याचा हात पहिले वर झाला, त्याले सांगू दे.”