लशीचा फ्रिज
गडाखालच्या आरोग्य उपकेंद्राच्या नव्या इमारतीचं उद्घाटन होतं. आमदारसाहेब बाळाला पोलिओचे थेंब पाजणार, म्हणून वरच्या वाडीतली बाया नावाची बाई पहाटेच लेकरू घेऊन उतरली होती. नर्स निर्मलाने लशीचा फ्रिज उघडला. आत कोल्ड्रिंकच्या बाटल्या. लशीच्या कुप्या कालपासून खिडकीत, उन्हात. कुप्यांवरचे पांढरे चौकोन उष्णतेने काळे पडले होते, म्हणजे लस मेली होती. “पप्पूभाऊ, हे काय केलंत?” “पाव्हण्यांना गरम पाजायचं व्हय? ठेवा परत, हुतील गार,” साहेबांचा कार्यकर्ता पप्पू म्हणाला. “फेकावी लागेल.” “मग पाणी पाजा. फोटोत कुटं कळतंय?” निर्मलाने ड्रॉपर खिशात टाकला. “बाया, पुढच्या बुधवारी ये.” “मागल्या बारीला बी हेच म्हनलात!” बायाचे डोळे भरले. तेवढ्यात पोचलेल्या साहेबांना दया आली. त्यांनी फ्रिजमधली गार बाटली तिला दिली. बाटली लेकराच्या पायाला लागताच ते किंचाळलं. “ताई, जरा हसा,” फोटोवाला बायाला म्हणाला.